मदत हवी: शेतकरी कंपनीच्या काटा-ते-चुकारा सॉफ्टवेअरचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे कसा मांडावा?

सोयाबीन_वाशिम: नमस्कार मंडळी. मंगरूळपीर भागातली शेतकरी उत्पादक कंपनी, हंगामात सरासरी 12,000 क्विंटल खरेदी, बहुतेक सोयाबीन. वजनकाट्यावर हाताने चिठ्ठी, मग रजिस्टर, मग एक्सेल, मग चुकाऱ्याची, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायच्या पैशांची यादी. ट्रक गेल्यावर मिलला बिल जायला 5 दिवस लागतात. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) कर्ज 11 टक्क्यांनी. हंगामी ऑपरेटर दोन, 4 महिने, प्रत्येकी महिन्याला 12,000. सॉफ्टवेअरचं कोटेशन 3.20 लाख अधिक जीएसटी, देखभाल एक वर्ष मोफत, पुढे वर्षाला किमतीच्या 15 टक्के. माहितीपत्रकात नुसती ‘पारदर्शकता’. अध्यक्ष विचारून राहिले, पैसे वसूल कुठून होणार? उत्तर कसं मांडू?

हिशेबी_भाऊ: अध्यक्षांचा प्रश्न बरोबर आहे, पारदर्शकतेला रुपयात बदलता येत नसेल तर प्रस्तावात घेऊ नका.

आधी खर्च, पाच वर्षांचा. सॉफ्टवेअर जीएसटीसह 3,77,600. देखभाल चार वर्षं, वर्षाला 56,640 प्रमाणे 2,26,560. (इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळेल असं आधीच धरू नका, सीए हो म्हणेपर्यंत जीएसटी खर्चातच.) कोटेशनमध्ये नसलेलं सामान वेगळं: कॉम्प्युटर, प्रिंटर, यूपीएस, अर्थिंग, दोन सिमचा राउटर मिळून 1,10,000 धरा, इंटरनेट 60,000, मधे एकदा बॅटरी 15,000, सभासदांची नोंदणी आणि प्रशिक्षण 25,000. बेरीज 8,14,160. म्हणजे वर्षाला 1.63 लाख.

आता फायदा. क्विंटलला 4,500 भाव धरला तर 12,000 क्विंटल म्हणजे 5.40 कोटी. बिल 4 दिवस आधी गेलं आणि मिलचे पैसेही तितकेच आधी आले, तर 11 टक्क्यांनी व्याज वाचतं सुमारे 65,000. एक ऑपरेटर खरंच कमी केला तर 48,000. ‘वेळ वाचला’ म्हणून दोघंही ठेवले तर वाचले शून्य. एकूण 1.13 लाख. पूर्ण पॅकेज तुमच्या उलाढालीवर बसत नाही.

गोदामवाला_बाळू: मालाच्या वजनातली तूट मोजलीच नाही की भाऊ! आमच्याकडे सॉफ्टवेअरवाले 2 टक्के तूट थांबवू म्हणतात.

हिशेबी_भाऊ: मुद्दाम सोडली. 12 टक्के ओलाव्याचं सोयाबीन 10 टक्क्यांवर वाळलं की 100 किलोचं 97.8 किलो राहतं. ती घट कोणतंही सॉफ्टवेअर थांबवत नाही. आत येताना आणि बाहेर जाताना ओलावा लिहून ठेवा, वाळण्याची घट वेगळी काढा, उरेल ती खरी तूट.

दुसरं बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या वजनाचं. चिठ्ठीवर कट्ट्यामागे किती वजा होतं बघा. ज्यूटचा 50 किलोचा नवा कट्टा 580 ग्रॅमचा. 500 च वजा केले तर 24,000 कट्ट्यांवर 19.2 क्विंटल बारदाना सोयाबीनच्या भावाने घेतला, म्हणजे 86,400 रुपये. उलट बाजूने शेतकऱ्याच्या प्लास्टिक कट्ट्याला 580 कापले तर तो नाडला जातो. हे दहा कट्टे तोलून आणि भिंतीवर एक कागद लावून सुधारतं. सॉफ्टवेअरच्या फायद्यात घातलं आणि एखाद्या संचालकाने पकडलं, तर अख्ख्या प्रस्तावावरचा विश्वास जातो.

सोयाबीन_वाशिम: मग प्रस्ताव गुंडाळायचा का?

हिशेबी_भाऊ: नाही, छोटा करायचा. प्रस्तावात तीन पर्याय ठेवा: आहे तसं, फक्त काटा-पावती-चुकारा यादी-बिल, आणि पूर्ण पॅकेज. मधल्याचं कोटेशन वेगळं मागा. समजा 1.40 लाख अधिक जीएसटीत झालं, देखभाल त्याच 15 टक्क्यांनी आणि बाकी खर्च तोच, तर पाच वर्षांचे 4,74,320, वर्षाला 95,000. 1.13 लाखांसमोर बसतं. पण खरेदी साधारण 8,650 क्विंटलच्या खाली गेली की तोटा. पाऊस दगा देतो त्या वर्षी काय, हे संचालकांनी विचारायच्या आत तुम्हीच लिहा. आणि 5 दिवस हा आकडा अंदाजाने नको, मागच्या हंगामातल्या तीसेक ट्रकांची पावतीची आणि बिलाची तारीख समोरासमोर मांडून काढा.

काटा_दुरुस्ती: काटाघर ते ऑफिस अंतर किती?

सोयाबीन_वाशिम: 40 मीटर.

काटा_दुरुस्ती: मग इंडिकेटरची (काट्याचं वजन दाखवणारा डबा) आरएस-232 डेटा केबल ऑफिसपर्यंत ओढू नका, 15 मीटरच्या पुढे आकडे तुटक येऊ शकतात. कॉम्प्युटर काटाघरातच ठेवा किंवा लांब अंतराला चालणाऱ्या आरएस-485 चा कन्व्हर्टर लावा. जोडणीसाठी काट्यावरचं वैधमापनचं (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) सील तोडू देऊ नका, फेरपडताळणी करावी लागेल आणि ऐन हंगामात काटा बंद. मृगात विजा पडतात तेव्हा त्या लांब वायरीतूनच पोर्ट जळतो, म्हणून सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं यंत्र) खर्चात धरा.

नेट गेलं तरी पावती निघाली पाहिजे, ही अट करारात हवी. डेमो बघताना राउटरची पिन स्वतः काढून बघा. नोंदणी नावावरून नको, सभासद क्रमांकावरून करा. सातबारा, आधार आणि पासबुक तिन्हीवर नाव वेगळं असतं, आणि चुकारा परत येतो तो तिथंच.

सोयाबीन_वाशिम: सर्ज प्रोटेक्टर धरलाच नव्हता. उद्या मधल्या पर्यायाचं कोटेशन मागवतो, जुन्या पावत्याही काढतो. करार सोडला तर आपला डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल का, हेही लेखी घेतो.

काटा_दुरुस्ती: घ्याच. आणि शेवटचा 20 टक्के हप्ता पहिले 200 ट्रक तोलून झाल्यावरच.