अनुभव धागा : दिव्यांगांना सामावून घेताना कोणाची कोणाशी जोडी जमली?

गोधडी

मागच्या आठवड्यात लेकाच्या कार्यशाळेत (शाळा संपल्यावर आमची मुलं जिथे काम करतात तिथे) पालकांची मीटिंग होती. एक आजोबा म्हणाले, संस्थेच्या गेटाच्या आत सगळं झकास चालतं हो, गेटाबाहेर पाय ठेवला की पोरगं परत घरात. ते डोक्यातून जाईना म्हणून हा धागा. सोसायटी, मंडळ, कॉलेज, दुकान, पंचायत, ज्यांच्याबरोबर जमलं त्यांच्याबद्दल लिहा. नुसतं 'स्तुत्य उपक्रम' नको. कोणी काय केलं, कुठे अडलं ते सांगा, फसलेलं तर नक्की सांगा. ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला, केळी वाटून फोटो काढून गेलेल्यांचे किस्से सगळ्यांकडेच आहेत, ते राहू देत. आणि दिव्यांग म्हणायचं की अपंग यावर वेगळा धागा काढून भांडा, इथे ज्याला जे तोंडात बसलंय ते चालेल.

मीच सुरुवात करते. मुलगा २६ वर्षांचा, ऑटिझम आहे. अठराला शाळा संपली, मग कार्यशाळा. पणत्या, कंदील, उटणं. दिवाळीआधी आमच्याच सोसायटीत टेबल लावायचो, लोक 'अय्या, या मुलांनी केलंय?' म्हणत घ्यायचे आणि पुढच्या वर्षी बघावं तर गेल्या वर्षीचं पाकीट कपाटात तसंच. शेवटी भिशीतल्या एका काकूंनी तोंडावर सांगितलं, अगं तुमचं उटणं रवाळ आहे, अंगाला बोचतं. दोन दिवस मला असला राग होता! पण मग वाटलं, आमच्या पोरांच्या मालाला नावं ठेवणारी ही पहिलीच बाई, म्हणजे तिने तरी तो माल म्हणून वापरला. तिलाच धरून कार्यशाळेत नेलं. तिने वस्त्रगाळ करायला लावलं, आंबेहळद आणि कपूरकाचरीचं प्रमाण बदललं. आता भिशीतल्या सहाजणी दर गुरुवारी दोन तास येतात.

लेकाला मोजता येत नाही, म्हणजे दहापर्यंत म्हणतो पण बोट आणि आकडा जुळत नाही. सरांनी पुठ्ठ्यावर दहा गोल काढून दिलेत, प्रत्येक गोलात एक पाकीट ठेवायचं, गोल भरले की पिशवीत टाकायचे. तो आजवर चुकलेला नाही. गप्पा मारता मारता अकरावं पाकीट टाकतात त्या काकूच.

सहा_टिंबं

मी जन्मांध, ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवतो. स्क्रीनरीडरवर टाइप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

माझा विषय लेखनिक. बाहेरून सोपं वाटतं, आम्ही सांगायचं आणि त्याने लिहायचं. पण दहावीच्या मुलाला लेखनिक नववीतला किंवा त्याखालचा लागतो, आणि नेमकी त्याच दिवसांत त्याचीही परीक्षा जवळ आलेली असते, नाहीतर त्याची आई म्हणते, तुझं अक्षर बिघडेल. माझ्या बारावीला इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या रात्री लेखनिकाला गोवर निघाला. वडील सायकलवरून अकरा घरं फिरले होते.

म्हणून नोकरी लागल्यावर पहिलं काम ते केलं. आमच्या कॉलेजची एनएसएस, गावातल्या दोन शाळा आणि आम्ही चार अंध शिक्षक यांनी मिळून लेखनिकांची यादी केली. यादी कोणीही करतं. खरं काम सरावाचं असतं, ते कोणी धरत नाही. पेपरच्या आधी प्रत्येक जोडीला निदान तीन बैठका करायलाच लावतो. लेखनिकाला प्रश्न नीट वाचायला शिकवावं लागतं, 'पुढीलपैकी कोणतेही दोन' हे गाळून वाचलं की संपलं. आणि मी सांगितलं तेच लिही, तुला जास्त येत असलं तरी, हेही. एका हुशार पोरीने आमच्या मुलाचं चुकलेलं साल परस्पर दुरुस्त केलं होतं, तिला वाटलं मदत केली. त्याला पेपर संपल्यावर कळलं आणि तो रडकुंडीला आला, म्हणाला माझी चूकपण माझी राहिली नाही. तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, तोही मागून घ्यावा लागतो, सुपरवायझरला बऱ्याचदा माहीतच नसतं. म्हणून नियमाची झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात.

एनएसएसच्या मुलांना तासांचे मार्क मिळतात म्हणून ती येतात, असं एकजण नाक मुरडून म्हणाले होते. येऊ देत की. मार्कांसाठी आलेल्यांतली तीन पोरं मार्क मिळून गेल्यावरही दर मार्चला फोन करतात.

ऐरोलीकर

सहा_टिंबं, चूकपण माझी राहिली नाही... काय बोललाय तो मुलगा.

हातवारे

माझे आईबाबा दोघंही बहिरे. मला ऐकू येतं, त्यामुळे मी आठ वर्षांची असल्यापासून घरची दुभाषी. डॉक्टरकडे, बँकेत, नळाच्या बिलाला. आईला गर्भाशयाची गाठ आहे हे तिला मी सांगितलंय, पाचवीत असताना, तो शब्द मलाच कळत नव्हता. हे आधी लिहिलं कारण लोक मला म्हणतात, तू आहेस ना, मग काय प्रश्न? मी होते हाच प्रश्न होता.

आमच्याकडच्या गणपती मंडळाने एका वर्षी ठरवलं सांकेतिक भाषेत आरती करायची. उत्साह दांडगा. दहा कॉलेजची मुलं, पांढरे कुर्ते, इंटरनेटवर बघून बसवलेले हातवारे. आईबाबा आणि त्यांचे मित्र मुद्दाम बोलावलेले पाहुणे, पहिल्या रांगेत. 'सुखकर्ता दुःखहर्ता' चालू झालं आणि बाबांचे मित्र खांदे उडवून हसायला लागले. मुलं जे करत होती त्याचा अर्थ काहीच होत नव्हता, एका ठिकाणी तर जवळपास 'मला जेवण नको' असं होत होतं. टाळ्या मात्र जोरदार, फोटो पेपरात.

दुसऱ्या वर्षी अध्यक्ष स्वतः घरी आले, हे मी त्यांना कायम मानते. बाबांना शिकवायला बोलावलं. बाबांनी आधी वाद घातला, ओळीला ओळ अशी खूण होतच नाही, आमच्या भाषेचं व्याकरण वेगळं, आधी गणपती कोण ते दाखवायचं, मग त्याने काय केलं ते. दीड महिना तालीम. आणि गंमत म्हणजे आरती राहिली बाजूला, त्या तालमींत मंडळातल्या सात-आठ पोरांना रोजचं बोलता यायला लागलं. आता त्यातला एक मेडिकलवर बसतो, बाबा औषधाला एकटे जातात. मला फोन येत नाही. कोणाला हे फार मोठं वाटणार नाही.

चाकोरी

व्हीलचेअर वापरते, १९ वर्षं झाली. रॅम्पपुराण सांगते.

आमच्या गावच्या वाचनालयाचं जोतं दोन फूट उंच. समितीने आधी कौतुकाने एक रॅम्प केला, म्हणजे बुलेट चढवायला करतात तसला. त्यावरून मी चढले असते तर थेट मागे डोकं आपटून. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे दोन फुटांना चोवीस. समोर रस्ता. चोवीस फूट आणायचे कुठून?

पॉलिटेक्निकच्या सिव्हिलच्या मुलांना बोलावलं. पहिल्याच दिवशी त्यांच्या सरांना म्हटलं, माझ्या खुर्चीत बसून एक-एकाने चढून दाखवा. दोघं अर्ध्यावरून घसरले, मग सगळे गंभीर झाले. त्यांनी टेप घेऊन इमारतीभोवती फिरून शोधलं की मागच्या बोळातली जमीन उंच आहे, तिथे जोतं जेमतेम सात इंच. म्हणजे सात फुटांचा रॅम्प पुरे! फक्त ते दार रद्दीच्या खोलीचं होतं. रद्दी हलवायला समितीने आठ महिने घेतले, सिमेंटचं काम चार दिवसांत झालं. आणि मी अट घातली होती, मला समितीत घ्या, कारण रॅम्प झाल्यावर त्याच्या तोंडाशी बाइक लावणाऱ्यांशी रोज भांडायला माणूस लागतो. ते काम आता माझ्याकडे आहे, मन लावून करते.

हा हट्टीपणा कोल्हापूरचा. नसीमादीदी हुरजूक यांनी तिथे १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था सुरू केली, त्या स्वतः व्हीलचेअरवर. अपघातानंतर मी तिथे जाऊन आले होते. तोवर माझ्यासाठी कोण काय करील याचाच विचार करायचे. तिथे खुर्चीवरचीच माणसं हिशेब बघत होती, कामं वाटून देत होती, वर एकमेकांवर ओरडतही होती.

एसटीचा_पास

शहरातले लोक लकी. आमच्याकडे पहिला प्रश्न अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचा. जिल्हा रुग्णालयात तपासणी ठरलेल्या वारी, गाव ४६ किलोमीटर. एसटीत अपंगाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण ती सर्टिफिकेट असलेल्याला, म्हणजे ते काढायला जाताना पूर्ण पैसे. आणि एका फेरीत होत नाही, कधी डॉक्टर रजेवर, कधी लाइट नाही, कधी आधारवर नाव वेगळं. माझा भाऊ (पोलिओ) तीनदा जाऊन परत आला आणि चौथ्यांदा नको म्हणाला.

मग गावातलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी वाडीवाडीतून नावं काढली, १४ निघाली, यातल्या पाचजणांना आपण कायद्यात बसतो हेच माहीत नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधी सातच होते, सिकलसेलवाली (रक्ताचा आजार) दोन पोरं आता त्यात येतात. ग्रामसेवकाने कागद आधीच तपासून दिले, भाजीच्या टेम्पोवाल्याने फक्त डिझेलवर गाडी दिली, आणि मी रुग्णालयात आदल्या दिवशी फोन करून डॉक्टर आहेत का विचारून घेतलं. एका दिवसात ११ जणांचं झालं. उरलेल्या तिघांचं अजून लटकलंय.

पंचायतीचा पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो, त्याबद्दल विचारू नका. आमच्याकडे एका वर्षी त्यातून सगळ्यांना स्टीलचे डबे वाटले. माझ्या भावाला कुबडी हवी होती. डबा चांगला आहे म्हणा, आई त्यात पीठ ठेवते.

थेम्सकाठचा

मी इंग्लंडात रेडिंगला असतो. इथे शनिवारी सकाळी पार्करन असतं, पाच किलोमीटर, फुकट, कोणीही या. त्यात दृष्टिहीन लोकांबरोबर पळायला गाइड असतात. एका साठीच्या गृहस्थांबरोबर मी पळतो, दोघांच्या हातात एक छोटी दोरी. पहिल्या दिवशी मी सारखा बडबडत होतो, डावीकडे झाड, उजवीकडे कुत्रा, पुढे आजी. ते म्हणाले, झाड रस्त्यात असेल तरच सांग! तेव्हापासून खड्डा, वळण, गर्दी एवढंच. बाकी वेळ क्रिकेट.

पुण्यात असतो तर टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल केली असती. दिव्यांशु गणात्रांच्या संस्थेतर्फे दृष्टिहीन आणि डोळस जोडीने मनालीहून लडाखमधल्या खारदुंगला खिंडीपर्यंत जातात. पुढच्याने ब्रेक सांभाळायचा आणि पेडल दोघांनी मारायचं, मागचा थकला की पुढच्याला लगेच कळतं.

आठ_घरं

मुलगी ३१, डाउन सिंड्रोम. मी ६८, बायको ६५. वरचे अनुभव वाचून बरं वाटलं, पण आमच्या वयाच्या पालकांचा प्रश्न एकच असतो, आमच्यानंतर. नॅशनल ट्रस्टच्या (ऑटिझम, मतिमंदत्व वगैरे असलेल्यांसाठीच्या) कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्वाचा कागद मिळतो, तो आम्ही केलाय, भाचा पालक आहे. कागदाने रात्री दोन वाजता उलटी झाली तर कोण उठणार ते ठरत नाही.

आम्ही आठ कुटुंबं एकत्र आलो. एकाच इमारतीत दोन फ्लॅट भाड्याने घेतले, मुलं महिन्यातून चार रात्री आईवडलांशिवाय तिथे राहतात, एक ताई सोबतीला. पहिली इमारत आम्हाला सोडावी लागली, एका मुलाने लिफ्टची सगळी बटणं दाबली म्हणून सह्यांचं निवेदन निघालं. दुसऱ्या ठिकाणी आधीच मीटिंगला गेलो, मुलांना घेऊन. लेकीने सगळ्यांना चहा दिला आणि सेक्रेटरींना विचारलं, तुमच्याकडे कुत्रा आहे का. आहे. आता त्याला संध्याकाळी तीच फिरवते.

चार रात्रींच्या पाच कशा करायच्या यावर सध्या आठ घरांत भांडण चालू आहे. आयांचा विरोध आहे, मुलं तयार आहेत.

ऐरोलीकर

गोधडीताई, माझ्या बहिणीच्या कार्यशाळेत अगरबत्तीचं पॅकिंग आहे, वीसचा पुडा. तो गोलांचा पुठ्ठा करून बघते. काही खास?

गोधडी

वीसला दोन पुठ्ठे कर, दहा-दहाचे. अगरबत्तीला गोल चालणार नाही गं, लांब चर लागतील, कोरुगेटेड खोक्याचा तुकडा घे, त्यात आपोआप चर असतात. आणि पहिले दोन दिवस तू स्वतः मोजायला बसू नकोस, मुलांना वाटतं आपल्यावर विश्वास नाही. आमचा तर पुठ्ठाच उचलून गेला होता.