मदत हवी आहे: परिसंवाद रंगावा, पण भांडण होऊ नये

नमस्कार मंडळी. मराठी भाषा आणि सभ्य वादचर्चा यांसाठी आम्ही काहीजण दादरला छोटी संस्था चालवतो. वार्षिक मेळावा २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जयंतीच्या आसपासच्या रविवारी असतो. (मेगाब्लॉक असला तरी रविवारच, इतर दिवशी कुणी फिरकत नाही.)

अडचण परिसंवादाची आहे. गेल्या वेळी विषय होता दुकानांच्या पाट्या. दहाव्या मिनिटाला एक काका माईक सोडेनात, दुसरे उठून बोटं नाचवायला लागले आणि सूत्रसंचालिका, म्हणजे मीच, "चहा आलाय हो" एवढंच म्हणू शकले. बटाटेवड्यांनी लाज राखली.

यंदाचा विषय पहिलीपासून तिसरी भाषा. सरकारने जून २०२५ मध्ये त्याबद्दलचे जीआर (शासन निर्णय) मागे घेतले, तरी डोकी तापलेलीच आहेत. म्हणून जुनी पूर्वपक्षाची रीत आणायची म्हणतेय: आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडायचं, मगच खोडायचं.

असं कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? पूर्वपक्षाला तीन मिनिटं पुरतात? आणि "नीट मांडलं नाही" हे ठरवायचं कुणी, प्रतिपक्षाने की अध्यक्षांनी? ज्येष्ठांना न दुखावता घंटा कशी वाजवावी, तेही सांगा.