लाईट गेली, लाईट गेले की लाईन गेली?

केतकी_न
एका इन्व्हर्टरची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. मी लिहिलं होतं, 'लाईट गेल्यावर हिरवा लाईट बंद होऊन लाल लाईट लागेल.' तपासणाऱ्यांनी ते परत पाठवलं. एका वाक्यात तीनदा लाईट, त्यातल्या पहिल्याचा अर्थ वेगळा, शिवाय हा शब्दच मराठी नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सुचवलंय, 'वीजपुरवठा खंडित झाल्यास हरित दर्शकदीप बंद होऊन रक्तवर्णी दर्शकदीप प्रज्वलित होईल.' हे वाक्य एखाद्या आजोबांना अंधारात, मोबाइलच्या उजेडात वाचायचं आहे! 'वीज गेली' चालेल का? पण घरात कुणी 'अगं, वीज गेली' असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

पारावरचा
साताऱ्याकडे लाईट गेली, लाईट आली. दुसरा शब्द नाही.

सदाफुली
पुण्यात माहेरी 'लाईट गेले'. आजी 'दिवे गेले' म्हणायची, त्यातलाच दिवा जाऊन लाईट आला असणार. 'गेली' मी नगरला सासरी आल्यावर ऐकलं आणि सुरुवातीला कानाला फार खटकलं.

वऱ्हाडी_ठेचा
लाईन! 'लाईन गेली का जी तुमच्याइकडं?' तारेतून येते ती लाईन, आणि लाईट म्हणजे बल्ब. केतकीताई, 'लाईन गेल्यावर हिरवा लाईट बंद होईल' असं लिहा, घोळ मिटला.

सदाफुली
दादा, मुंबईत लाईन गेली म्हटलं तर लोकल बंद पडली असं समजतील.

मुळाक्षर
केतकी, तुमच्या वाक्यातला घोटाळा 'लाईट'मुळे नाही, 'गेल्यावर'मुळे झालाय.
बघा. 'लाईट' इंग्रजीतून आला तेव्हा लिंग घेऊन आला नव्हता. ते आपण दिलं, आणि दोन अर्थांना दोन दिली. पुरवठा म्हणजे वीज, म्हणून स्त्रीलिंग: लाईट गेली, लाईट कापली. वस्तू म्हणजे दिवा, म्हणून पुल्लिंग: हिरवा लाईट, लाईट लागला, लाईट फुटला. गावाकडे तर 'लाईटीचं बिल', 'लाईटीचा खांब' असं सामान्यरूपही होतं, अगदी 'भिंत'चं 'भिंतीचं' होतं तसंच. इतकं सामावून घेतल्यावर या शब्दाला परका म्हणणं मला पटत नाही. 'लाईट गेली' आणि 'लाईट गेला' यांत बोलणाऱ्याचा कधीच गोंधळ होत नाही. पहिल्यात मेणबत्ती शोधायची, दुसऱ्यात बल्ब बदलायचा. 'गेल्यावर' या रूपात मात्र लिंग दिसत नाही, म्हणून वाक्य अडखळतं. 'लाईट गेली की हिरवा दिवा बंद होतो आणि लाल दिवा लागतो' असं करा.

अनुस्वार
दोन अर्थांसाठी 'वीज' आणि 'दिवा' असे दोन स्वच्छ शब्द असताना एका उसन्या शब्दाला दोन लिंगं देण्याचा हा सगळा खटाटोप कशासाठी? विद्युत्, विज्जु, वीज अशी सरळ परंपरा आहे. वीजबिल, वीजचोरी, वीज मंडळ हे शब्द सगळे बिनदिक्कत बोलतात. मग 'वीज गेली' एवढंच का जड व्हावं? सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' हे शब्द सुचवले तेव्हाही ते अनेकांना अवघड वाटले होते. आज ते रोजच्या वापरात आहेत. शब्द वापरला की रुळतो, आणि छापील पुस्तिकेनं तो वापरायला हवा. 'रक्तवर्णी दर्शकदीप' मात्र मलाही मान्य नाही, 'लाल दिवा' पुरे.

पारावरचा
रुळतो तो रुळतो. 'विजेरी' हा किती गोड शब्द आहे! पण रात्री अंगणात काही वाजलं की अजून 'बॅटरी आण' असंच म्हणतात.

अनुस्वार
आम्ही घरात विजेरी म्हणतो. नातवंडंही म्हणतात.

उद्याननगरी
आम्ही बंगळूरला राहतो. कन्नडमध्ये करंट जातो, त्यामुळे आमच्या मराठीतही 'करंट गेला' आलं. नाशिकला गेल्यावर मुलगा म्हणाला, 'करंट आला', तर आत्या धावत आली आणि त्याचा हात तपासू लागली. तिकडे करंट म्हणजे शॉक बसणं.

विहीरकाठ
जरा शेतावरचं सांगतो, कारण ही चर्चा घरातल्या दिव्याभोवतीच फिरतेय. आमच्याकडे घरात बल्ब चालू असतो, टीव्ही चालू असतो आणि तरी माणूस सांगतो, 'लाईट नाही.' तो खोटं बोलत नाही. सिंगल फेज असते, तिच्यावर घर चालतं, पण विहिरीवरची मोटर थ्री फेजवर चालते. शेतकऱ्याची लाईट म्हणजे थ्री फेज. ती पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. 'या आठवड्यात रातची लाईट आहे' म्हणजे थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत, दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं. इथं 'वीज' घालून बघा. 'रातची वीज' म्हटलं तर पावसातलीच डोळ्यांपुढं येते.

अनुस्वार
हा अर्थ माझ्या ध्यानात नव्हता. पण याला 'थ्री फेज'च म्हणा की, 'लाईट' कशाला? अर्थ इतका ताणला की शब्दाची धार जाते.

विहीरकाठ
ताणला कुणी नाही, काका. ज्याला ज्यासाठी हवी, ती त्याची लाईट. आणि धार गेलेला शब्द बघायचा तर 'भारनियमन' बघा. 'लोडशेडिंग' म्हणजे भार काढून टाकणे, सरळ तोडणे. त्याचं मराठी करताना 'नियमन' केलं, जणू कुणी हिशोबानं सांभाळून वाटतंय. 'वीजकपात' हा खरा शब्द. पेपरवाले कधीकधी तो लिहितात, बरं वाटतं.

मुळाक्षर
'नियमन'मध्ये पाळीचं वेळापत्रक अपेक्षित असावं, अमुक वाजता या भागात, तमुक वाजता त्या भागात. त्या अर्थानं तो अगदीच चुकीचा नाही. पण कपातीची झळ त्यात उतरत नाही, हे खरं.

वऱ्हाडी_ठेचा
मंग 'रोहित्र'चं काय म्हणता? ट्रान्सफॉर्मरला सरकारी मराठीत रोहित्र म्हणतात. आमच्या गावात त्याला डीपीच म्हणतात.

अनुस्वार
रोहित्र सुंदर आहे! 'रुह्' म्हणजे चढणे. दाब चढवणारं यंत्र, 'पवित्र', 'खनित्र' यांच्या घडणीचं.

विहीरकाठ
पण गावातली डीपी दाब चढवत नाही, उतरवते. अकरा हजार व्होल्ट येतात, ते चारशेच्या आसपास आणून मोटरीला देते. मग ती रोहित्र कशी?

अनुस्वार
मोठ्या केंद्रात चढवणारीही असतात. नाव एका कामावरून पडतं, मग सगळ्यांना लागू होतं. भाषेत असं नेहमीच होतं.

पारावरचा
म्हणजे अर्थ ताणला तरी चालतो तर. मग लाईटीलाही चालू द्या.

सदाफुली
विहीरकाठ, तुम्ही 'ती डीपी' म्हणालात. आमच्या सोसायटीचा वायरमन 'डीपी उडाला' म्हणतो.

विहीरकाठ
आमच्यात जळाली की 'जळाली'. आणि जळाली की आधी सगळ्यांच्या थकबाकीची यादी निघते, बदलून मिळते नंतर. उभं पीक तोवर वाळतं. ऐन कांद्याच्या वेळी हे झालंय आमच्याकडे.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याइकडं 'डीपी जळाला', पुल्लिंगच. ट्रान्सफॉर्मर तो, म्हणून डीपी तो.

मुळाक्षर
आणि विहीरकाठ, तुमच्याकडे 'जळाली' कशावरून? पेटी तिथं असते, म्हणून पेटीचं लिंग लागलं असेल का? खांबावर पेटी असतेच.

केतकी_न
'लाईट गेली की हिरवा दिवा बंद होतो' असं करून पाठवलं होतं. आत्ताच उत्तर आलं, 'लाल दिवा' चालेल, 'लाईट' नको. मी ठेवावं म्हणून भांडते आहे. कोकणात, गोव्यात काय म्हणतात ते कुणी सांगेल का?

पारावरचा
कोकणातलं नाही माहीत. पण पेटीचं पटत नाही मला. आमच्याकडे डीपीला पेटी नाही, दोन खांबांच्या मधल्या ओट्यावरच ठेवलीय, तरी ती 'जळाली'च.