ठरलेल्या कामात भर पडतच चाललीय, पैसे कसे मागू?

घणसोलीकर: मी घरूनच वेबसाइट बनवते. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधल्या एका व्यापाऱ्यांचं पाच पानांचं काम 40,000 रुपयांत ठरलं. मग हिंदी आवृत्ती, ऑर्डरची सोय, दरपत्रक. दर वेळी "ताई, एवढं जरा बघा ना." सहा आठवड्यांचं काम, चौथा महिना लागलाय. माणूस भला आहे, म्हणून बोलवत नाही. काय करू?

ठाणे पूर्व: लेखी काय आहे?

घणसोलीकर: कोटेशनमध्ये फक्त "पाच पानं". बाकी सगळं व्हॉट्सॲपवर.

ठाणे पूर्व: ते मेसेज जपा. करार कायदा 1872, कलम 70: फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा फायदा समोरच्याने घेतला, तर मोबदला देणं लागतो. पण कोर्टाचं नाव आत्ताच काढू नका. आज रात्री बसून वाढीव कामांची यादी करा, प्रत्येकासमोर तास आणि रक्कम लिहा. फोनवर नको, समोर बसून दाखवा. व्यापाऱ्याला हिशेब कळतो हो!

नेरूळ: यापुढे "होईल" म्हणण्याआधी "किती लागतील ते संध्याकाळी कळवते" म्हणा. मी हे उशिरा शिकलो, दोन दिवाळ्या कोरड्या गेल्या.

घणसोलीकर: यादी केली. 31 तास निघाले. शनिवारी जातेय.