रोहूच्या आतड्यातले जिवाणू ड्रममध्ये वाढवता येतील का?

बोडीवाला_साकोली
बोडी (छोटं तळं) २० गुंठ्यांची, पाणी ५ फूट. रोहू, कटला, मृगळ मिळून १,५०० नग, सरासरी २५० ग्रॅमचे. खाद्य म्हणजे कोंडा आणि शेंगदाणा ढेप, निम्मं-निम्मं. माशाच्या आतड्यातलेच जिवाणू माशाला जास्त मानवतात म्हणतात. मग निरोगी रोहूचं आतडं गुळाच्या पाण्यात ७ दिवस आंबवून खाद्याला लावलं तर चालते का?

जिवाणूशास्त्र_नागपूर
मानवतात हे खरं आहे. त्या आतड्यात राहायची, तिथल्या चिकट स्तराला धरून ठेवायची त्यांना सवय असते. पण ड्रम करू नका भाऊ. त्याच आतड्यात एरोमोनास हायड्रोफिला पण असू शकतो, अंगावर लाल चट्टे अन् जखमा आणणारा. गुळावर तोही वाढतो, आणि वासावरून काही कळत नाही.

प्रयोगशाळेत मासा एक दिवस उपाशी ठेवतात, आतडं ०.८५ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्यात घोटतात. बॅसिलस (उपयोगी पडणारा एक जिवाणू) हवा असेल तर अर्क ८० अंशांवर १० मिनिटं तापवतात. बाकीचे मरतात, बॅसिलसचे बीजाणू (उष्णता सोसणारं सुप्त रूप) तेवढे उरतात. मग एकेक वसाहत वेगळी काढून तपासणी: ०.३ टक्के पित्तक्षारात तगतो का, एरोमोनासला अडवतो का, औषधांना दाद देतो का. रक्त घातलेल्या माध्यमावर वसाहतीभोवती स्वच्छ कडं दिसलं, तर तो रक्तपेशी फोडतो, तो बाद. रोहू-कटल्याला जठर नसतेच, म्हणून आम्लाच्या चाचणीला त्यांच्या बाबतीत फार वजन नाही. मागूरसाठी मात्र ती लागतेच.

धानपट्टा_मत्स्य
विकतचंच प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची पावडर) घ्या, पण पुडीवर जिवाणूचं नाव, प्रति ग्रॅम संख्या आणि मुदत छापलेली पाहून.

तुमचा हिशेब: एकूण मासा ३७५ किलो, २ टक्क्यांनी रोज साडेसात किलो खाद्य. पुडीवर ग्रॅमला १०० कोटी असतील तर किलोमागे ५ ग्रॅम, म्हणजे रोज साधारण ३८ ग्रॅम. खाद्याच्या प्रत्येक ग्रॅमला ५० लाख पडतात, तेवढे पुरेत.

तांदळाची पेज पूर्ण थंड होऊ द्या. तीत पावडर कालवा, ढेप-कोंड्यावर शिंपडा, हातानं चोळून गोळे करा आणि सावलीत अर्धा तास सुकवा. बहुतेकांचं इथंच बिघडते: गरम पेजेत लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू मरतात, उन्हात वाळवलं तरी तेच. नळाचं पाणी क्लोरीनचं असते, बोअरचं वापरा. कालवलेलं त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवलं की बुरशी धरते.

बोडीवाला_साकोली
ड्रम रद्द. परवा बोडीत लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) टाकलं होतं. पाण्यात टाकायचं प्रोबायोटिकही आणलं आहे. आज दोन्ही सुरू करू?

जिवाणूशास्त्र_नागपूर
खाद्यातलं करा, मासे नीट खात असतील तर. पाण्यातलं आणखी ४-५ दिवस थांबवा. लाल औषध चांगला-वाईट जिवाणू ओळखत नाही. आणि टाकाल तेव्हा ऊन चढल्यावर, सकाळी दहाच्या पुढं. बॅसिलस गाळ खाताना प्राणवायू ओढतो. ढगाळ दिवशी किंवा पहाटे मासे वर तोंड काढत असतील, तर त्या दिवशी टाकूच नका, आधी पंपानं पाणी फिरवा.