मदत हवी आहे: ४×५ साठी सध्या एकच लेन्स घेता येईल, १५० मि.मी. घ्यावी की २१०?

नमस्कार मंडळी,

वर्षभर ४×५ फिल्मवर (चार बाय पाच इंचांच्या सुट्या शीटवर) काम करतेय. कॅमेरा लाकडी, घडीचा, बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला भाता) पूर्ण ताणला की ३०० मि.मी. जातो. सोबत १३५ मि.मी. फोकल लेंथची जुनी, टेस्सार धाटणीची चार भिंगांची लेन्स मिळाली होती. ती आता बदलायची आहे.

कारण सांगते. मी जुन्या लाकडी दारांची मालिका करतेय. दार पूर्ण, आणि त्याच घरातल्या माणसाचा जवळून एक फोटो. गेल्या महिन्यात एका उंच दारासाठी कॅमेरा अगदी सरळ ठेवला आणि चौकटीचा माथा आत यावा म्हणून पुढचा लेन्सबोर्ड (लेन्स बसवलेली पाटी) वर उचलला. काळ्या कापडाखाली ग्राउंड ग्लासवर (मागच्या दुधी काचेवर) सगळं छान दिसत होतं, कोपऱ्यांतला अंधार डोळ्यांना जाणवलाच नाही. शीट धुतली तर दोन कोपरे नुसते नितळ, तिथे प्रकाश पोचलाच नव्हता. आता मी फोटो घेण्याआधी ग्राउंड ग्लासच्या कापलेल्या कोपऱ्यांतून लेन्सकडे बघते. अॅपर्चरचं छिद्र पूर्ण दिसलं तर ठीक, मिटत आलेल्या डोळ्यासारखं दिसलं की लेन्सबोर्ड खाली आणायचा. पण त्यामुळे चौकटीचा माथा कापला जातो, आणि या दारांचं सगळं कोरीवकाम तिथेच असतं!

मग कागदावर आकडे मांडले. शीटवर प्रत्यक्ष चित्र उमटतं ते साधारण ९६×१२० मि.मी., कर्ण १५३. म्हणून १५०ला नॉर्मल म्हणतात हे समजलं. उभ्या फ्रेममध्ये ३० मि.मी. उचल हवी असेल तर मात्र लेन्सचं प्रकाशवर्तुळ (लेन्स मागे टाकते त्या गोल चित्राचा व्यास) किमान २०४ मि.मी. लागतं. सिमार-एस किंवा निकॉर-डब्ल्यू, दोन्ही १५०च्या, एफ २२ अॅपर्चरला २१० मि.मी.चं वर्तुळ देतात. म्हणजे कशीबशी पुरते. २१०च्या लेन्सचं वर्तुळ २९५च्या आसपास, तिथे ही चिंताच नाही.

पण अडचण गल्लीची आहे. दार आणि वरची थोडी भिंत धरून तीन मीटर उंची उभ्या फ्रेममध्ये बसवायची तर २१०ला जवळजवळ साडेपाच मीटर मागे जावं लागतं, १५०ला चारच्या आत भागतं. माझी निम्मी दारं अशा ठिकाणी आहेत की चार मीटरवर पाठ समोरच्या भिंतीला टेकते.

माणसांच्या बाबतीत नेमकं उलटं. डोकं आणि खांदे घ्यायचे तर १५० मि.मी. घेऊन मी समोरच्याच्या पाऊण मीटरवर उभी राहणार. इतक्या जवळून नाक पुढे येतं, कान मागे जातात, आणि समोरचा माणूसही अवघडतो. २१०ला ते अंतर एक मीटरच्या थोडं पुढे जातं. एका मित्राची २१० दोन दिवस वापरून पाहिली, चेहरे फार सुंदर आले. बेलोज तेव्हा २६०च्या पुढे ताणावा लागला, पण ३००च्या आत मावला. बेलोज असा ताणल्यामुळे एक्स्पोजर पाऊण स्टॉपच्या आसपास वाढवावं लागतं ते दोन्हींना सारखंच, कारण चित्राचा आकार तोच.

माझा कल १५०कडे आहे. दार निसटलं तर मालिकाच उरत नाही, चेहऱ्यासाठी मी थोडी मागे सरून नंतर प्रिंटमध्ये कापू शकते, ४×५ची निगेटिव्ह तेवढं सहज सोसते. तरीही पैसे घालण्याआधी अनुभवी लोकांना विचारावंसं वाटतं.

१५० वापरणाऱ्यांनी सांगा, एफ २२ला ३० मि.मी. उचलल्यावर वरच्या कोपऱ्यांत तपशील खरंच टिकतो का? की तिथे मऊ पडतो आणि एफ ३२ला जावं लागतं? १५०च्याच अपो-सिरोनार-एस लेन्सचं वर्तुळ २३१ आहे, तो फरक कोरीवकामात दिसेल का?

आणि चेहऱ्यांसाठी कुणी फक्त १५०वर काम केलं असेल तर तुम्ही किती अंतरावर उभे राहता?

वापरलेलीच लेन्स घेणार आहे. शटरचे एक सेकंद, अर्धा सेकंद हे संथ वेग कानाने तपासते, भिंगांमागे टॉर्च धरून बुरशी आणि बाल्समचे (भिंगं चिकटवणाऱ्या डिंकाचे) थर सुटलेत का ते बघते. नळीच्या आतल्या काळ्या रंगावरचे पांढरे ठिपके चित्राला बाधत नाहीत असं वाचलंय, म्हणून ते सोडून देते. याशिवाय काय बघावं?