अनुभव धागा : इम्बरचा पब आणि त्याचे नाहीसे झालेले शेजारी

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातले इम्बर हे गाव १९४३ साली सैन्याच्या सरावासाठी रिकामे करण्यात आले आणि युद्ध संपल्यावरही रहिवाशांना परतू दिले गेले नाही. तिथला ‘बेल इन’ हा जुना पब अजून उभा आहे, भोवतालची बहुतेक घरे मात्र गेली. ज्यांनी ते गाव पाहिले असेल, किंवा ज्यांचे स्वतःचे गाव असे गेले असेल, त्यांनी अवश्य लिहावे.

स्विंडनहून : वर्षातले मोजके दिवस गाव खुले होते, तेव्हा वॉर्मिन्स्टरहून लंडनच्या जुन्या दुमजली बसगाड्या तिकडे सोडतात. पबच्या विटांच्या भिंती शाबूत आहेत, पण आत जाता येत नाही. पबच्या दारात उभे राहून बाटलीतले पाणी प्यावे लागले, ही मला त्या जागेची थट्टाच वाटली. पूर्वीची मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरे उरलेली नाहीत, आणि सरावासाठी नंतर बांधलेल्या खिडक्यांविना घरांनाच नवखा माणूस जुने गाव समजून बसतो. बाप्टिस्ट प्रार्थनाघर पाडले गेले, त्याचे कबरस्तान तेवढे राहिले.

बाथहून : १ नोव्हेंबर १९४३ रोजी शाळेत सभा बोलावून गावकऱ्यांना ४७ दिवसांची मुदत दिली गेली. गावचा लोहार ऐरणीवर ओणवा होऊन रडत होता, ही आठवण तिथे हमखास सांगितली जाते. सेंट जाइल्स चर्चमध्ये आजही वर्षातून एकदा प्रार्थना होते. पबचे दार तेवढ्यापुरतेही उघडत नाही, हे मला खटकते.

मडगावहून : आमचे कुर्डी, म्हणजे गानतपस्विनी मोगूबाईंचे गाव, साळावली धरणाखाली गेले. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की सोमेश्वराच्या देवळाशी माणसे जमतात. बाबा चिखलातून चालत एकेक जोते ओळखतात: हे आमचे, हे शेजाऱ्यांचे, आणि हे तावेर्नचे, म्हणजे गावच्या दारूच्या गुत्त्याचे, जिथे आजोबा संध्याकाळी काजूची हुर्राक घ्यायला बसत आणि आजी त्यांना बोलावण्यासाठी बाबांनाच पाठवत असे. आत पाऊल टाकायची मुभा नसल्यामुळे बाबांना त्या तावेर्नचा उंबरठाच काय तो आठवतो.

शेफील्डहून : लेडीबाउअर जलाशयाने आमच्या जवळची ॲशप्टन आणि डर्वेंट ही दोन गावे गिळली. डर्वेंटचा जुना दगडी पूल उतरवून वरच्या अंगाला पुन्हा उभारला गेला. ॲशप्टनच्या पबच्या वाट्याला तेवढी काळजी आली नाही. तो सरळ पाडला गेला.